पापणीतली गाठ आणि डाव्या डोळ्याचे दिवस

माझ्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीत, नाकाच्या बाजूला, मुगाच्या दाण्याएवढी गाठ झाली आणि तिनं माझं काम तीन महिने अडवून धरलं. हॉस्पिटलात भरती नाही, सलाइन नाही, मोठं ऑपरेशन नाही. लोक भेटायला येतात, शहाळी आणतात, तसलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. उलट कुणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस माझ्या डोळ्यात वाकून बघायचा आणि म्हणायचा, "एवढीशीच तर आहे."

ज्यांना अशीच एवढीशी गाठ झाली आहे आणि जे सध्या आरशासमोर उभे राहून पापणी ओढून बघत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पापणी ओढून बघू नका, हे आधीच सांगून टाकते. मी बघत होते आणि त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत.

दुकान

मी घड्याळं दुरुस्त करते. मंडईपासून चार मिनिटांवर, एका बोळाच्या तोंडाशी आमचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक टेबल, एक दिवा आणि मी. आधी ते माझ्या वडिलांचं, अण्णांचं होतं. चौदाव्या वर्षापासून शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. आता एकोणपन्नास पूर्ण झाली, तरी नवीन गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "मालक कुठे गेलेत?" मी म्हणते, "मालक तुमच्याशीच बोलतायत, घड्याळ काढा."

आमच्या धंद्यात डोळ्याला भिंग लावतात. त्याला दोरी नाही, काडी नाही. भुवई आणि गालाचं हाड यांच्यामध्ये ते घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. सुरुवातीला ते दर दोन मिनिटांनी पडतं. महिन्याभरात चेहऱ्याला सवय होते. माझं भिंग काळ्या शिंगाच्या कडेचं आहे, अण्णांना त्यांच्या उस्तादांनी दिलेलं आणि अण्णांनी मला. ते देताना त्यांनी एकच नियम सांगितला होता. "रोज सकाळी पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचं. बोटाचं तेल राहता कामा नये." घड्याळाचे भाग आम्ही पेट्रोलमध्येच धुतो, त्यामुळे वाटी आणि फडकं टेबलावर असतंच. पस्तीस वर्षं मी तो नियम पाळला.

अण्णांचा दुसरा नियम दुकानाच्या दारावर लिहिलेला आहे: "नुसते तेल घालून मिळणार नाही." बंद पडलेलं घड्याळ काही कारागीर उघडून साफ न करताच त्यात तेलाचा थेंब सोडतात. घड्याळ चालायला लागतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि चार महिन्यांनी आतला मळ त्या तेलात कालवून घट्ट बसतो. अण्णांच्या लेखी ही फसवणूक. ही पाटी मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तिनंच घरात तंटा लावला.

रांजणवाडीच, दुसरं काय

पापणी सुजली तेव्हा घरात कुणीही मान वर करून बघितलं नाही. आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडेच राहतात. त्यांनी पेपरातून डोकं न काढता निदान केलं. "रांजणवाडी आहे. घड्याळवाल्याला व्हायचीच. मला दर वर्षी व्हायची."

मलाही आधीच्या दोन वर्षांत एकेकदा झाली होती, तिथेच, आणि आपोआप गेली होती. म्हणून मीही नेहमीचे उपाय केले. तर्जनी तळहातावर घासघासून गरम करायची आणि पापणीला टेकवायची. अण्णांनी सहाणेवर लवंग उगाळून दिली, ती लावली. त्यानं पापणी अशी काही चुरचुरली की बस. आमच्या बोळात रस्ता खोदून ठेवला होता, म्हणून धुळीलाही दोष देऊन झाला.

आठ दिवसांनी दुखणं थांबलं. लाली गेली. गाठ मात्र गेली नाही. कडक, गोल, बोटाखाली किंचित सरकणारी. मला ती चक्क आवडायला लागली होती, म्हणजे तिचं कोडं आवडायला लागलं होतं. आत काय असेल? पाणी? चरबी? कठीण असेल की नुसतीच भरलेली? मी डाव्या डोळ्याला भिंग लावून आरशात उजवी पापणी तपासायची. पितळी पट्टी धरून मापही घ्यायची आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची.

मग एका मंगळवारी, एका गिऱ्हाइकाच्या देखत, भिंग माझ्या उजव्या डोळ्यावरून निसटून उघड्या घड्याळावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. गाठीवर कड टेकली की पापणी आपोआप फडफडायची आणि पकड सुटायची. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

डॉक्टरबाई

नवऱ्यानं, श्रीकांतनं, दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान असतील. त्यांनी पापणी दोन बोटांत धरून बघितली, उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "ही रांजणवाडी नाही. आधी असेल, आता नाही."

पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातलं तेल डोळा ओला ठेवतं. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आतच साठतं, घट्ट होतं आणि शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं. तीच ही गाठ. मी थक्क झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळांत सुईच्या टोकानं तेल घालत आले आणि स्वतःच्या पापणीत तेलाची एवढी व्यवस्था आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी इतके प्रश्न विचारले की बाहेर बसलेले आजोबा दोनदा दार ढकलून बघून गेले.

"आधी कधी इथेच झाली होती?" त्यांनी विचारलं.

"दोनदा. पण लहान."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, "सहा आठवडे शेक घ्या. दिवसातून चार वेळा, कोमट पाण्याची घडी. बहुतेक विरघळेल. नाहीच गेली तर बघू. आणि पुढे पुन्हा पुन्हा त्याच जागी येत राहिली, तर एक तुकडा काढून तपासायला पाठवू. तशी शक्यता कमी असते, पण वयाप्रमाणे बघून घेतलेलं बरं."

शक्यता कसली, हे मी विचारलं नाही. इतके प्रश्न विचारणारी मी, तो एक गिळून टाकला. रिक्षात श्रीकांतनं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "शेक घ्यायला सांगितलाय." तपासणीचं त्याला सांगितलं नाही. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. बोलले तर ते खरं होईल असं काहीतरी मनात होतं.

आबांचं घड्याळ

शेक घेत होते, पण दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. मी भिंग डाव्या डोळ्याला लावायला लागले. बघायला काहीच अडचण नव्हती, डाव्याची नजर उलट जास्त साफ. अडचण हातांची होती. उजव्या डोळ्याशी त्यांचं जमलेलं, डाव्याला ते ओळखेनात. चिमटा नेहमी केसभर बाजूला पडायचा. दिवा डावीकडे असायचा, तो उजवीकडे घेतला तर माझ्याच हाताची सावली कामावर. मान उलटी कलल्यामुळे संध्याकाळी खांदा भरून यायचा. सेल बदलणं, पट्टे बसवणं होत होतं. बारीक काम मी बाजूला ठेवत होते.

एक मात्र ठेवलं नाही. कात्रजचे मारुतीबापू नावाचे एक गृहस्थ महिन्याभरापूर्वी चावीचं जुनं घड्याळ देऊन गेले होते. त्यांच्या शेतांवर आता इमारती आहेत, पण गोठ्यात चार म्हशी अजून ठेवल्यात. घड्याळ त्यांच्या वडिलांचं. "आबांचं हाय," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. ते दुसऱ्यांदा चौकशीला येणार म्हणून मी घाई केली. घड्याळाच्या पोटात केसाहून बारीक कमान असते, गुंडाळलेली, तिच्यावर सगळी चाल अवलंबून. आम्ही तिला हेअरस्प्रिंग म्हणतो. डाव्या डोळ्यानं बघत मी ती उचलायला गेले आणि चिमट्याचं टोक तिच्यात अडकलं. एक वेढा वर उचकटला आणि शेजारच्या वेढ्यात गुंतला. तसल्या जुन्या घड्याळाची हेअरस्प्रिंग बाजारात मिळत नाही.

मी भिंग काढून ठेवलं आणि चक्क रडले. घड्याळाहून जास्त स्वतःसाठी. उजवा डोळा परत आला नाही तर मी काय करायचं, हा प्रश्न तोवर मी टाळत होते.

बापू आले तेव्हा खरं ते सांगितलं. "बापू, तुमचं घड्याळ माझ्या हातून बिघडलं. डोळ्याला गाठ झालीय, दुसऱ्या डोळ्यानं काम करायला गेले. दुसऱ्या कारागिराकडे न्यायचं तर मी नाव सांगते."

त्यांनी माझ्या डोळ्याकडे बघितलं. म्हणाले, "गाठ दिसती की मला. आमच्या म्हशीला बी झाल्ती आशीच. तुमी हे नीट करू शकता का न्हाई, तेवढं सांगा."

"उजवा डोळा बरा झाला तर करीन. बहुतेक."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच. आबा जाऊन आठ वर्सं झाली, घड्याळाला कसली घाई हाय?"

आणि ते गेले. मी ते घड्याळ काचेच्या झाकणाखाली टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलं, सतत समोर दिसेल असं.

नुसतं तेल

सहा आठवडे शेकूनही मूग मूगच राहिला. डॉक्टरबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, पापणीच्या आतून छोटा छेद घेऊन गाठ साफ करायची. दोन, गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे सूज ओसरते आणि गाठ हळूहळू विरते. कधी एक पुरतं, कधी दोन लागतात. "तुमची गाठ नाकाच्या कोपऱ्याजवळ आहे. डोळ्यातलं पाणी जिथून नाकात उतरतं ते भोक तिथून अगदी जवळ. जमल्यास मला तिथे सुरी लावायची नाही. मी असते तर आधी इंजेक्शन घेतलं असतं." काय बिघडू शकतं तेही सांगितलं: कातडीचा रंग तेवढ्यापुरता फिका पडू शकतो, औषधाचा पांढरा ठिपका काही दिवस दिसू शकतो, डोळ्याचा दाब तपासत राहावा लागतो. रंगाचा धोका कमी राहावा म्हणून त्या सुई पापणीच्या आतल्या बाजूनं देणार होत्या.

घरी येऊन सांगितलं तर जेवणाच्या टेबलावर सभाच भरली.

श्रीकांत म्हणाला, "स्टिरॉइड? अगं, ते तालमीतली पोरं दंड फुगवायला घेतात ते?"

"अरे, पापणीला दंड नसतात," मी म्हटलं.

अण्णांनी आमटीचा भुरका मारला. मग म्हणाले, "म्हणजे उघडायचं नाही, साफ करायचं नाही, आत दोन थेंब सोडायचे आणि चालतंय का बघायचं. पाटी वाचली नाही वाटतं तुझ्या डॉक्टरबाईंनी."

मी स्वतः रिक्षात हाच विचार करत आले होते. आमच्या धंद्यात ज्याला आम्ही लबाडी म्हणतो, नेमकी तीच गोष्ट माझ्या डोळ्याला करायची होती. दोन दिवस मी इकडे की तिकडे करत राहिले. शेवटी डॉक्टरबाईंना फोन करून हेच विचारलं, पाटीसकट. त्या हसल्या. म्हणाल्या, "घड्याळ स्वतःला साफ करत नाही हो. पापणी करते. मी फक्त तिच्या वाटेतला दंगा कमी करणार."

हे अण्णांना सांगितलं. त्यांनी "हं" केलं. त्यांच्याकडून त्याहून मोठी संमती मिळत नाही.

सुई

डोळ्यात सुई, या दोन शब्दांनी तुम्ही घाबरला असाल, मीही घाबरले होते. तर सांगते, सुई डोळ्यात नसते, पापणीत असते. आधी बधिर करणारे थेंब घातले. थोडं झोंबलं, मग पापणी दुसऱ्या कुणाची असावी तशी झाली.

मी औषधाची बाटली बघायला मागितली. नर्सबाईंनी विचित्र नजरेनं बघितलं, पण दाखवली. तळाशी पांढरा साका होता, हलवल्यावर पातळ ताकासारखं झालं. "यातलं किती?" "दोन-तीन थेंब." अण्णांचा हिशेब बरोबर होता.

"खाली बघा, पायाच्या अंगठ्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पापणी उलटी केली. त्या क्षणी मी अंगठ्याकडे बघायचं सोडून जेवढं दिसेल तेवढं त्यांच्या हाताकडे बघितलं. सुई धरण्याआधी त्यांनी करंगळी माझ्या गालाच्या हाडावर टेकवली. हलकीच, पण पक्की. आम्ही बारीक काम करताना करंगळी टेबलाला अशीच टेकवतो. अण्णांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ती. हात कितीही चांगला असो, टेकू नसेल तर कापतो. ती करंगळी टेकली आणि माझी भीती अर्धी उतरली. या बाईला काम येतं, हे मला कळलं.

टोचल्यापेक्षा दाबल्यासारखं वाटलं, आतून फुगत गेल्यासारखं. मनात वीस आकडे मोजेपर्यंत संपलं. डोळा थोडा लाल, पापणी जड. रिक्षानं घरी, दुपारी झोप. श्रीकांतनं साबुदाण्याची खिचडी केली, जी तो फक्त माणूस आजारी असल्यावर करतो. त्या खिचडीनं मला आजारपणाचा अधिकृत दाखला मिळाल्यासारखं वाटलं आणि फार बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी त्याला तपासणीच्या तुकड्याचंही सांगून टाकलं. तो रागावला नाही. "एवढे दिवस एकटी घेऊन बसली होतीस?" म्हणाला, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला आत येऊन माझ्या शेजारी बसला.

"आणि भिंग कुठे लावता?"

दोन आठवड्यांनी गाठ अर्धी झाली होती. मी अभिमानानं बिलबुकाच्या मागचं पान दाखवलं, रोजच्या मापांचं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"रोज पापणी ओढून, चेपून मोजता?"

"चेपून म्हणजे... जरा."

"तुमच्याकडे दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ गिऱ्हाईक रोज येऊन उघडून बघायला लागलं तर काय कराल?"

"हाकलून देईन."

"मग?"

पान फाडून पर्समध्ये टाकलं. त्या मात्र तिथेच थांबल्या नाहीत. एकाच जागी तीनदा का झाली, हे त्यांना सुटत नव्हतं. "ते तुमचं भिंग पुढच्या वेळी घेऊन या. मला बघायचंय ते टेकतं कुठे." माझ्यासारखंच कुतूहल असलेली डॉक्टर मिळाली, हे माझं नशीब.

आठवड्यानं घेऊन गेले. डोळ्याला लावून दाखवलं. शिंगाची कड बरोबर त्या कोपऱ्यावर बसत होती. त्यांनी भिंग हातात घेतलं, उजेडात फिरवलं आणि मग नाकाशी नेऊन हुंगलं.

"पेट्रोल?"

"हो. रोज पुसते."

"डोळ्याला रोज पेट्रोल लावता?"

"डोळ्याला नाही हो, भिंगाला."

"आणि भिंग कुठे लावता?"

शेजारी श्रीकांत खोकला. मी भिंग परत घेऊन त्याची कड निरखली. शिंगाला बारीक चिरा होत्या आणि त्यांत पस्तीस वर्षांचं, आणि अण्णांच्या काळापासून धरलं तर त्याहून कितीतरी अधिक वर्षांचं, पेट्रोल मुरलं होतं.

"याच्यामुळेच झालं असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. "काहींना काही न करताही होते. पण पापणीची कड तिथेच सतत चिडलेली दिसतेय. हे बंद करा. पापण्यांच्या कडा रोज कोमट पाण्यानं आणि लहान मुलांच्या शाम्पूच्या थेंबानं हलक्या हातानं धुवा. भिंग नवीन घ्या."

त्यानंतर आठवड्यानं दुसरं इंजेक्शन झालं. या वेळी मी खरंच अंगठ्याकडे बघितलं.

अण्णा

भिंगाचं घरी सांगितलं तेव्हा मी चिडलेली होते, हे कबूल करते. आवाज चढला होता. "तुमचा पहिला नियम, अण्णा. रोज पेट्रोलनं पुसायचं. तीन महिने मी त्याची फळं भोगतेय."

"मी साठ वर्षं माझी भिंगं अशीच पुसली," अण्णा म्हणाले. "मला काय झालं?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या पापणीवर गेला. तिथे एक जुनी, कडक, तांदळाएवढी गाठ आहे. लहानपणापासून मी ती बघत आले, ती त्यांच्या चेहऱ्याचाच भाग होती. घड्याळवाल्याला व्हायचीच, मला दर वर्षी व्हायची, हे त्यांचंच वाक्य. बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला, ताट पुढे सरकवलं आणि उठून गेले. ताटात अर्धी पोळी तशीच होती. अण्णा ताटात काही टाकत नाहीत.

माझा राग तिथेच ओसरला. ज्या माणसानं मला काम शिकवलं, त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. त्यांच्या उस्तादांनाही नसेल. पण सॉरी म्हणण्याची आमच्या घरात कुणालाच सवय नाही.

शिंगाचं भिंग मी डबीत घालून कपाटात ठेवून दिलं आणि प्लास्टिकच्या कडेचं नवीन आणलं. ते चेहऱ्यावर बसेना. कड रुंद, वजन हलकं, घामानं निसटायचं. दिवसातून दोनदा साबणानं धुवून, पुसून डाव्या डोळ्याला लावत राहिले.

उजवा डोळा

दुसऱ्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी बोटाखाली काहीच लागेना. डॉक्टरबाईंना पापणी उलटल्यावर आत एक पांढुरका ठिपका दिसला, औषधाचा. तोही पुढे फिका होत गेला. डोळ्याचा दाब ठीक निघाला. तुकडा तपासायला पाठवण्याची वेळ आली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे, आणि पुन्हा तिथेच आली तर मी टाळणार नाही. तुम्हीही टाळू नका. आणि डॉक्टरना विचारायचा प्रश्न गिळू नका, तो पोटात जाऊन मोठा होतो.

डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्यानं काम सुरू करायची परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची पिशवी भरत होते. प्लास्टिकचं भिंग जागेवर नव्हतं. त्याच्या जागी शिंगाच्या भिंगाची डबी होती. मी वैतागून ती उघडली.

भिंग चमकत होतं. काच नव्हे, कड. शिंगाच्या चिरांत मेण भरून ती घासून गुळगुळीत केली होती. मी हुंगलं. पेट्रोलचा मागमूस नव्हता. पाळण्यातल्या बाळाच्या टाळूला येतो तसा शाम्पूचा वास येत होता.

"रोज धुतायत," श्रीकांत हळूच म्हणाला. "तू दुकानात गेलीस की. तीन आठवडे झाले. कोमट पाणी करतात, धुतात, खिडकीत वाळवतात, हुंगतात, पुन्हा धुतात. तुला सांगायचं नाही अशी ताकीद होती."

अण्णा बाहेर पेपर वाचत होते. मी चप्पल घालताना त्यांनी पान उलटलं, एवढंच.

दुकानात दिवा पुन्हा डावीकडे घेतला. आबांच्या घड्याळावरचं काचेचं झाकण काढलं. भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि थांबले. पापणी फडफडली नाही. करंगळी टेबलाला टेकवली. गुंतलेला वेढा दिसत होता, आणि आता हाताला तो नेमका कुठे आहे हे माहीत होतं. पाऊण तास लागला. वेढा सुटला, सपाट झाला, कमान जागेवर बसली. किल्ली दिली आणि चाक हललं, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मग हलतच राहिलं. मारुतीबापूंना फोन लावला तर ते धार काढत होते. "चालू झालं का?" मी फोनच घड्याळाजवळ धरला. पलीकडची दुधाची धार थांबली. मग नुसतं "येतो" म्हणाले.

एक वाजता दुकानातला फोन वाजला. अण्णा दुकानात कधी फोन करत नाहीत. कामात हात गुंतलेले असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"बसलं का डोळ्याला?" त्यांनी विचारलं.

"बसलं, अण्णा. सकाळपासून एकदाही पडलं नाही." मग मी म्हटलं, "पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंकडे तुम्हीही चला. तुमची पापणी दाखवू."

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"बघू," ते म्हणाले. "आणि ऐक, ती पेट्रोलची वाटी भिंगापासून लांब ठेव. पेट्रोल फार महाग झालंय हल्ली." आणि फोन ठेवला.